चित्र म्हणजे नक्कल नव्हे

चित्रकलेचा तास चालू आहे. वर्गाच्या मध्यभागी एका तिपाईवर पितळेचा तांब्या ठेवलेला आहे. खिडकीतून उतरत्या उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली आहे. मुले माना खाली-वर करीत तो तांब्या आपापल्या वहीत उतरवीत आहेत. त्यांतल्या एका मुलाच्या तांब्याचा गळा काही केल्या सरळ येत नाही. तो पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा पुसतो. शेवटी कागद विरून जातो. शेजारचा मुलगा डोकावून पाहतो आणि हसतो. आपला हा मित्र ते पान फाडतो, त्याचा बोळा करून दप्तरात कोंबतो आणि म्हणतो, "मला चित्रकला येत नाही."

हा प्रसंग कोणत्या एका शाळेतला नव्हे. तो पुष्कळ वर्गांत घडतो आणि बहुधा तुमच्याच वयात घडतो. सहा-सात वर्षांचे मूल हाती कोळसा लागला, तरी भिंतीवर बेधडक घोडा काढते. त्याच्या घोड्याला पाच पाय असले, तरी त्याला त्याची खंत नसते. तेच मूल अकरा-बारा वर्षांचे झाले, की आपला घोडा खऱ्या घोड्यासारखा दिसत नाही, हे त्याला कळू लागते. मग ते चित्रे काढण्याचे सोडून देते. कित्येकजण त्यानंतर जन्मभर हाती कुंचला धरीत नाहीत. माझ्या मते ही मोठी हानी आहे, आणि ती एका चुकीच्या समजुतीतून होते. 'हुबेहूब उतरले तरच ते चित्र,' ही ती समजूत होय.

ही समजूत खरी असती, तर छायाचित्रणाचा शोध लागला त्याच दिवशी चित्रकला संपली असती. तांब्याची हुबेहूब प्रतिमा यंत्र क्षणार्धात घेते; आज तर घरोघरीच्या मोबाइलमध्ये ते यंत्र आहे. असे असूनही माणसे चित्रे काढीतच आहेत आणि ती पाहण्यासाठी दूरदूरचा प्रवास करीत आहेत. तेव्हा चित्रात हुबेहूबपणाखेरीज आणखी काहीतरी असले पाहिजे. ते कोणते?

आपल्या देशातील जुन्या पंडितांनी या प्रश्नाचा विचार केला होता. मध्ययुगात होऊन गेलेल्या यशोधर नावाच्या पंडिताने आपल्या 'जयमंगला' या टीकाग्रंथात चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांना 'षडंगे' असे म्हणतात. वेगवेगळी रूपे ओळखून ती वेगवेगळी दाखविणे, हे रूपभेद. लहान-मोठ्याचे माप राखणे, हे प्रमाण. चित्रातून मनाची अवस्था प्रकट होणे, हा भाव. आकृतीला डौल आणणे, हे लावण्ययोजन. मूळ वस्तूशी साम्य राखणे, हे सादृश्य. आणि रंग व कुंचला यांचा जाणतेपणाने वापर करणे, हा वर्णिकाभंग. ही यादी नीट वाचा. हुबेहूबपणा तिच्यात आहे, नाही असे नाही. परंतु तो सहांपैकी एक आहे. पान फाडणाऱ्या आपल्या मित्राने सहा विषयांच्या परीक्षेत एकाच विषयाचे गुण पाहिले आणि स्वतःला नापास ठरविले!

'पण हुबेहूबपणावाचून चांगले चित्र होऊ शकते, याला आधार काय?' असे कोणी विचारील. आधार दूर शोधायला नको. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजाची वस्ती आहे. तेथील स्त्रिया लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर देवीचा चौक काढीत आल्या आहेत. भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवावयाची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करावयाचा, आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिचा कुंचला करावयाचा. एवढीच त्या चित्राची सामग्री. माणूस काढावयाचा, तर एक त्रिकोण उलटा, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा सुलटा, वर डोक्याचा लहानसा गोल, आणि हातापायांच्या काड्यांसारख्या रेषा. चेहऱ्यावर बहुधा नाक-डोळेही नसतात. असा माणूस जगात कोणी पाहिला आहे? तरीही तो धावतो आहे, वाकून रोपे लावतो आहे किंवा पाण्याचा हंडा वाहून नेतो आहे, हे आपल्याला तत्काळ कळते. त्रिकोण किंचित कलला, की माणूस चालू लागतो.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी हीच चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली व ती जगभर पोहोचविली. भारत सरकारने २०११ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्यांच्या चित्रातील एकही माणूस हुबेहूब नाही. परंतु त्यांची रेषा पाहताना हा हात अडाणी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. मग त्या हाताला काय येत होते? त्याला चित्राची भाषा येत होती.

चित्राची भाषा! हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. आपण भाषा शिकतो तेव्हा प्रथम अक्षरे शिकतो आणि मग ती जोडून शब्द व वाक्ये करण्याचे नियम शिकतो. चित्राचेही तसेच आहे. रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही त्याची अक्षरे होत. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि एकता हे त्याचे व्याकरण होय. ही नावे पाठ करून काही होणार नाही. ती डोळ्यांनी अनुभवली पाहिजेत. त्यासाठी एक कोरा कागद आणि एक पेन्सिल पुरे.

प्रथम रेषा घ्या. कागदावर एक आडवी रेषा ओढा. ती झोपलेल्या माणसासारखी शांत वाटेल. आता एक उभी रेषा ओढा. ती पहारेकऱ्यासारखी ताठ दिसेल. तिसरी तिरपी ओढा. ती आता पडेल की मग पडेल, असे वाटून तुमच्या मनात थोडी चळवळ होईल. चौथी वळणाची काढा. ती नदीप्रमाणे वाहू लागेल. अजून तुम्ही कोणतीही वस्तू काढलेली नाही. तरीसुद्धा चार रेषांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. रेषेने वळसा घेऊन स्वतःचे टोक गाठले, की आकार जन्माला येतो. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन हे आकार भूमितीच्या वहीत आहेत. तेच वारली चित्रातही आहेत.

आता दुसऱ्या कागदाच्या बरोबर मध्यावर एक ठळक ठिपका द्या. तो स्वस्थ बसलेला दिसेल. तोच ठिपका दुसऱ्या एका कागदावर अगदी खालच्या कोपऱ्यात द्या. आता तो एकटा पडला आहे, असे वाटेल. ठिपका बदललेला नाही; बदलली आहे ती त्याच्या भोवतालची मोकळी जागा. या मोकळ्या जागेला अवकाश म्हणतात. नवशिक्याला वाटते, की कागदाचा जेवढा भाग आपण रंगविला तेवढेच चित्र. परंतु जो भाग आपण मोकळा सोडतो, तोही चित्रच असतो. गाण्यात जसा विराम, तसा चित्रात अवकाश.

रंगाची गंमत तर याहूनही मोठी आहे. राखी रंगाच्या एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक पांढऱ्या कागदावर ठेवा, दुसरा काळ्या कागदावर. काळ्यावरचा तुकडा अधिक उजळ दिसेल आणि पांढऱ्यावरचा अधिक काळसर. तुकडे तेच, तरी शेजार बदलताच रूप बदलले! म्हणून रंग एकटा कधीच पाहावयाचा नसतो. तो कोणाशेजारी बसला आहे, हे पाहावयाचे असते. गेरूच्या तांबड्या भिंतीवर तांदळाची पांढरी रेषा उठून दिसते, ती या शेजारामुळेच. दारातल्या रांगोळीखाली गेरूचा हात का देतात, याचे उत्तरही येथेच आहे. याला विरोध म्हणतात. चित्रातला विरोध हे भांडण नव्हे. त्यात एकामुळे दुसऱ्याचे रूप खुलते.

छटा म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या पायऱ्या. त्यांच्यामुळे सपाट कागदावरचा तांब्या गोल भासतो. पोत म्हणजे पृष्ठभागाचा स्पर्श. गोणपाट खरखरीत असते, केळीचे पान गुळगुळीत असते, सारवलेल्या भिंतीवर हाताच्या बोटांचे फराटे उमटलेले असतात. हे सारे डोळ्यांनाही जाणवते. कुंभाराच्या घरचे मडके आणि पितळेचा तांब्या आकाराने सारखे असले, तरी आपल्याला ते सारखे वाटत नाहीत, याचे पुष्कळसे कारण पोतात आहे.

अक्षरे कळली. आता व्याकरणाकडे वळू. त्यासाठी मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर जाऊ. तेथील लेण्यांत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती आहे. ती माणसाच्या उंचीच्या तिपटीहून उंच आहे. मधले मुख शांत, डोळे मिटलेले. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख उग्र. त्याला मिशा आहेत आणि त्याच्याजवळ साप आहे. उजव्या हाताचे मुख कोमल. त्याच्या हाती कमळ आहे. दोन्ही बाजू मुळीच सारख्या नाहीत. तरी मूर्ती कोठे कलल्यासारखी वाटत नाही. उग्रतेचे वजन कोमलतेने तोलले आहे आणि मध्ये शांततेची दांडी आहे. यालाच तोल म्हणतात. तराजूच्या दोन पारड्यांत एकच वस्तू असावी लागत नाही. एका पारड्यात लोखंडाचे वजन आणि दुसऱ्यात गूळ असला, तरी काटा मध्यावर राहतो. तोल म्हणजे सारखेपणा नव्हे, हे शिल्पकाराने दगडात दाखवून दिले आहे.

घारापुरीच्या या अचल मूर्तीकडून आता हलत्या चित्राकडे या. वारली चित्रांत तारपा नाचाचे दृश्य पुन्हा पुन्हा येते. भोपळा आणि बांबू यांपासून केलेले तारपा नावाचे वाद्य वाजविणारा एकजण मध्ये असतो आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची रांग गोल वळत जाते. तीच आकृती पुन्हा, तेच अंतर पुन्हा, आणि रांग हळूहळू वळते आहे. पाहता पाहता आपला डोळाही त्या रांगेबरोबर फिरू लागतो. कानाला जसा ठेका, तशी डोळ्याला ही लय. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या तुमच्या आईला किंवा आजीला 'लय' हा शब्द ठाऊक नसेल. परंतु तिच्या बोटांना लय ठाऊक असते.

अजिंठ्याला गेलात, तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हाती निळे कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी अवश्य पाहा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे भित्तिचित्र आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी आणि दूरदेशाहून आणलेला लाजवर्द नावाचा निळा दगड, असे मोजकेच रंग चित्रकारांजवळ होते. या चित्रात पद्मपाणीभोवती स्त्री-पुरुष आहेत, माकडे आहेत, मोर आहेत, डोंगर आहेत. एवढ्या गर्दीतही आपली दृष्टी प्रथम त्याच्याच मुखावर जाते. असे का व्हावे? भोवतालच्या आकृतींपेक्षा तो पुष्कळ मोठा आहे. त्याची उजळ काया मागच्या गडद रंगांतून पुढे येते. त्याच्या देहाला तीन ठिकाणी बाक आहे आणि त्या बाकाची रेषा आपल्या डोळ्याला धरून त्याच्या झुकलेल्या मस्तकाकडे नेते. चित्रकाराने हे सारे ठरवून केले आहे. ज्याला महत्त्व द्यावयाचे त्याला ते देणे आणि इतरांना मागे ठेवणे, हे प्राधान्य होय. आणि एवढी माणसे, एवढे पशुपक्षी असूनही चित्र विस्कटत नाही, सर्व मिळून एकच करुणेचा भाव सांगतात, ही एकता होय.

तुम्ही आणखी एक गोष्ट पाहा. पद्मपाणीच्या भुवया धनुष्यासारख्या आहेत. छाती-खांद्यांवर स्नायूंचे उंचवटे दाखविलेले नाहीत. हाडामांसाचा माणूस नेमका असा दिसत नाही. अजिंठ्याच्या कसबी हातांना तसा माणूस काढता आला नसता, असे नव्हे. त्यांना माणसाची नक्कल करावयाची नव्हती. दुसऱ्याच्या दुःखाने द्रवलेले मन त्यांना दाखवावयाचे होते. त्यासाठी जेवढे सादृश्य हवे, तेवढे त्यांनी घेतले आणि बाकीचे सोडले.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. सादृश्य कुचकामी आहे, असे मी म्हणत नाही. तांब्या समोर ठेवून तो काढण्याचा सराव अवश्य करावा. त्याने डोळ्याला मापाची सवय लागते आणि हात डोळ्याचे ऐकू लागतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील फुलाची आकृती किंवा यंत्राचा आराखडा चुकीचा असून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की सादृश्य ही चित्राची एक पायरी आहे. तिलाच मंदिर समजू नये. तसेच, वर सांगितलेले नियम म्हणजे तुरुंगाच्या भिंतीही नव्हेत. व्याकरण पाठ केल्याने कोणी कवी होत नाही. परंतु भाषा मुळीच न येणाऱ्याच्या मनातली कविता मनातच राहते.

'पण आम्हांला चित्रकार व्हावयाचे नाही. मग हे शिकून उपयोग काय?' असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या ओठांवर असेल. भाषा काय फक्त लेखक होणाऱ्यांनीच शिकावयाची असते? आपल्या गावातल्या एखाद्या चौकात उभे राहून भोवतालच्या पाट्या पाहा. प्रत्येक पाटी तांबडी-पिवळी, प्रत्येक अक्षर मोठे, प्रत्येकजण 'माझ्याकडे पाहा' म्हणून ओरडतो आहे. सगळेच ओरडू लागले, की कोणाचेच ऐकू येत नाही. दवाखान्याची पाटी शोधणाऱ्या आजारी माणसाला ती सापडत नाही. तेथे शब्दांचा तुटवडा नाही. प्राधान्य आणि अवकाश यांचा तुटवडा आहे. शाळेचा सूचनाफलक लिहिताना, वहीचे पान मांडताना, घरातले सामान लावताना, उद्या तुम्ही घर बांधाल तेव्हा त्याची खिडकी कोठे असावी हे ठरविताना, प्रत्येक वेळी हेच व्याकरण उपयोगी पडणार आहे. ज्याला पाहता येते, तो आपले गाव कुरूप होऊ देणार नाही.

म्हणूनच परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊन टाकण्याची जी पद्धत काही ठिकाणी आढळते, ती मला मान्य नाही. गणित मोजावयास शिकविते, भाषा बोलावयास शिकविते, तशी चित्रकला पाहावयास शिकविते. डोळे सर्वांनाच असतात, पण पाहणे शिकावे लागते. ते शिकण्याचा वेळापत्रकातला हक्काचा तास हिरावून घेतला, तर पुढे तो कोणी भरून देत नाही.

शेवटी आपल्या त्या मित्राकडे परत जाऊ. त्याच्या दप्तरातला तो कागदाचा बोळा काढून हलक्या हाताने उलगडू या. तांब्याचा गळा वाकडा आहे, यात शंका नाही. पण हे काय? तांब्यापासून निघालेली एक लांब, तिरपी सावली त्याने तिपाईवरून थेट कागदाच्या काठापर्यंत नेली आहे. वर्गातील इतर मुलांनी नुसता तांब्या काढला. कारण सावली म्हणजे काही तांब्या नव्हे! या एका मुलाने मात्र खिडकीतून आलेले उतरते ऊन पाहिले होते. त्या तिरप्या रेषेमुळे त्याच्या कागदावर संध्याकाळ झाली आहे.

हे त्याला कोणी सांगितले नाही. कारण सर्वांचे लक्ष वाकड्या गळ्याकडे होते. त्याचेही होते. तेव्हा मुलांनो, यापुढे स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे चित्र पाहताना 'हे कशासारखे दिसते?' एवढेच विचारून थांबू नका. 'याची रेषा काय सांगते? याचा तोल कोठे आहे? मोकळी जागा काय करते आहे?' असेही विचारा. आणि चित्र बिघडले असे वाटले, तरी पान फाडण्यापूर्वी ते एकदा हातभर दूर धरून नीट पाहा.